मूळ ग्रंथाचा उंबरठा : जपानीचा मराठी अभ्यासक आणि पांढरकवड्याचा मराठीचा वर्ग

भाषेचे पाठ्यपुस्तक आणि त्या भाषेत लिहिला गेलेला ग्रंथ यांत एक मूलभूत भेद आहे. पाठ्यपुस्तक आपल्या वाचकाला शिकणारा म्हणून ओळखते. त्याला कोणते शब्द ठाऊक आहेत आणि कोणते नाहीत याचा हिशेब ठेवूनच ते पुढे सरकते. मूळ ग्रंथाला असा वाचक ठाऊकच नसतो. तो आपल्या भाषकांसाठी लिहिलेला असतो आणि शिकणारा त्यात जवळजवळ आगंतुकासारखा शिरतो. परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा उंबरठा केव्हातरी ओलांडावा लागतो. जपानी शिकणाऱ्या मराठी अभ्यासकाच्या वाटेवर तो विशेष उंच असतो, आणि म्हणूनच त्याची घडण तेथे स्पष्ट दिसते. ही घडण पाहणे, आणि तिच्या उजेडात यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यासारख्या ठिकाणी मराठीच्या वर्गात काय घडते हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात जपानीच्या अध्ययनाचे प्रमुख केंद्र पुणे हे आहे. तेथे ही भाषा शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांची दृष्टी नोकरीकडे व जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेकडे असते. साहित्याकडे वळणारे त्या मानाने थोडे. मराठी वाङ्मयाचा जपानीशी आलेला संबंधही बराचसा इंग्रजीच्या मध्यस्थीनेच आला. शिरीष पै यांनी मराठीत रुजविलेला हायकू आपल्याकडे तीन ओळींचा म्हणून ओळखला जातो. जपानीत मात्र तो बहुधा एकाच उभ्या ओळीत छापला जातो, आणि त्यातील पाच-सात-पाच ही मोजणी अक्षरांपेक्षा मात्रांच्या जवळ जाणारी आहे. मूळ पान समोर असते तर मराठीतील हायकूचर्चा कदाचित वेगळ्या प्रश्नांपासून सुरू झाली असती.

मराठी अभ्यासकाला या वाटेवर काही सोयी आयत्याच लाभलेल्या असतात, पण त्यांचा उपयोग क्वचितच करून घेतला जातो. कारण तो जपानी शिकतो ते प्रायः इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे किंवा विभक्तीचे काम नामामागून येणाऱ्या अव्ययांनी होणे या गोष्टींचे इंग्रज विद्यार्थ्याला वाटते तेवढे नवल मराठी विद्यार्थ्याला वाटण्याचे कारण नाही. ‘काल आलेला माणूस’ ही रचना जपानीत शब्दक्रमानेही तशीच राहते : ‘किनो किता हितो’. त्याहून लक्षणीय म्हणजे संयुक्त क्रियापदे. ‘खाऊन पाहणे’, ‘करून ठेवणे’ यांतील ‘पाहणे’ आणि ‘ठेवणे’ ज्या रीतीने आपला मूळ अर्थ सोडून प्रयत्नाचा व पूर्वतयारीचा अर्थ देतात, त्याच रीतीने जपानीतील ‘मिरु’ (पाहणे) आणि ‘ओकु’ (ठेवणे) देतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकात यांसाठी पानभर स्पष्टीकरण द्यावे लागते. मराठी शिक्षकाचे काम एका ओळीत होते. वर्णक्रमाची गोष्ट तर याहून जुनी आहे. जपानी कानाची अ-इ-उ-ए-ओ आणि का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आली. तिच्यातील ‘सा’च्या जागी जुना च-सदृश उच्चार आणि ‘हा’च्या जागी जुना ‘प’ ठेवला, की क-च-त-न-प-म-य-र-व हा आपलाच क्रम समोर उभा राहतो.

एका बाबतीत मात्र मराठीची सवय वाचकाला दगा देते. मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापदाचे रूप त्याचे लिंग, वचन किंवा पुरुष सांगून जाते; ‘आली’ म्हटले की कोण आली याचा शोध निम्मा संपतो. जपानी क्रियापद यांपैकी काहीच सांगत नाही. कादंबरीच्या पानावर संवाद चालू असतो, कर्ते गाळलेले असतात, आणि कोण बोलते आहे हे आदरार्थी रूपांवरून किंवा देण्याघेण्याच्या क्रियापदांच्या दिशेवरून ओळखावे लागते. शब्दकोशात प्रत्येक शब्द सापडतो, पण प्रसंग सापडत नाही.

आता लिपीकडे वळावे लागते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिपींची सेहेचाळीस-सेहेचाळीस मूळ चिन्हे काही आठवड्यांत आत्मसात होतात. प्रश्न कांजीचा असतो. जपान शासनाच्या २०१० च्या यादीप्रमाणे नित्य व्यवहारातील कांजींची संख्या २१३६ आहे. त्यांपैकी १०२६ तेथील मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचीही प्रथा नाही. अपरिचित कांजीपाशी वाचक अडतो तो पूर्णपणे : अर्थाचा अंदाज कधी बांधता येतो, पण उच्चार करता येत नाही. या अडचणीवर जपानी मुद्रणाने शोधलेला उपाय म्हणजे फुरिगाना. कांजीच्या बाजूला बारीक कानाक्षरांत दिलेला तिचा उच्चार. लहान मुलांच्या पुस्तकांत तो सर्वत्र असतो, प्रौढांच्या पुस्तकांत अवघड शब्दांपुरता. मूळ संहितेतले एक अक्षरही बदलत नाही; साहाय्य शेजारी उभे राहते आणि ज्याला गरज नाही तो त्याच्याकडे न पाहता पुढे जातो.

अशा साहाय्यासह वाचता येण्याजोग्या पहिल्या मूळ कृतींत अकुतागावा र्‍युनोसुके यांच्या ‘कुमो नो इतो’ (कोळ्याचा धागा) या कथेचे नाव घ्यावे लागेल. १९१८ मध्ये ‘आकाइ तोरि’ या मुलांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात ती प्रसिद्ध झाली. बुद्ध स्वर्गातील कमळतळ्याच्या काठी फिरत आहेत. खाली नरकात कांदाता नावाचा दरोडेखोर आहे. त्याने एकदा एका कोळ्याचा जीव वाचविला होता, म्हणून त्याच्यासाठी धागा खाली सोडला जातो. कथेचा गाभा पॉल कारुस यांच्या इंग्रजी बौद्धकथेतून घेतलेला आहे. मराठी वाचकाला तिचे विश्व परके नाही. शाक्यमुनी, नरक, कमळ सगळे ओळखीचे. भाषा मात्र त्याला जागे करते. पाठ्यपुस्तकात आदरार्थी रूपे एका स्वतंत्र प्रकरणात कोष्टकाच्या स्वरूपात शिकलेली असतात. येथे बुद्धांची प्रत्येक हालचाल आदरार्थी क्रियापदाने सांगितली जाते, कांदाताची साध्या क्रियापदाने, आणि सांगणारा निवेदक ऐकणाऱ्याशी अदबीने बोलत असतो. स्वर्ग आणि नरक यांतील अंतर क्रियापदांच्या रूपांतून उभे राहते. कोष्टक पाठ असलेल्या अभ्यासकाला ते कशासाठी पाठ केले हे येथे प्रथम समजते. मूळ ग्रंथ वाचण्याचा लाभ शब्दसंग्रह वाढण्यात आहे असे सामान्यतः सांगितले जाते; तो लाभ दुय्यम होय.

याउलट अनुभव साध्या कादंबरीपाशी येतो. अभ्यासक आरंभी नम्र बोलीतील ‘देसु-मासु’ रूपे शिकतो. कादंबरी मात्र बहुधा ‘दा’ किंवा ‘दे आरु’ या लिखित रूपांत चालते, आणि तिच्यातली पात्रे घरगुती संक्षिप्त रूपे वापरतात. म्हणजे त्याने शिकलेली भाषा आणि ग्रंथातील दोन भाषा अशा तीन भाषांचा मेळ त्याला घालावा लागतो.

भाषेचे असे थर एकमेकांवर चढलेले असणे पांढरकवड्याच्या वाचकाला मात्र नवे नाही. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण नागपूर-हैदराबाद मार्गावर आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. परिसरात वऱ्हाडी मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू ऐकू येतात. महाराष्ट्रात आदिम म्हणून गणलेल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक, आणि केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत त्यांची वस्ती लक्षणीय आहे. या वस्त्यांना ‘पोड’ म्हणतात. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा. मरे एमेनो यांनी तिच्यावरील आपला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिचे नाव ठाऊक असते. मराठी साहित्याच्या अध्यापकाला मात्र पोडावरून आलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असूनही ती बहुधा दिसत नाही.

हा विद्यार्थी मराठीचा शिकाऊ आहे, ही गोष्टच विसरली जाते. पाठ्यपुस्तक त्याला मराठी भाषक मानते, परीक्षा मानते, आणि पदवीच्या वर्गात नेमलेली कादंबरी तर मानतेच. कोलामीत नामांचा भेद पुरुषवाचक आणि इतर एवढाच. मराठीत दगड पुल्लिंगी, वाट स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी. जपानीत लिंगविचारच नाही म्हणून मराठी अभ्यासक सुटकेचा श्वास टाकतो; मराठीत पाऊल टाकणाऱ्या कोलामाच्या वाट्याला तेच ओझे उलट बाजूने येते. तो ‘वाट लांब होता’ असे लिहितो तेव्हा ते निष्काळजीपणाचे लक्षण समजून तांबडी रेघ ओढली जाते. जपानीत नेमकी याच जातीची चूक करणाऱ्या मराठी अभ्यासकाला मात्र त्याचा शिक्षक नियम पुन्हा समजावून सांगतो.

त्यातही त्याच्या कानावर पडलेली मराठी बाजारातली आणि बसस्थानकावरची, म्हणजे वऱ्हाडी असते : ‘मले’, ‘काऊन’, ‘करून राहिला’. पुस्तकात ‘मला’, ‘का’, ‘करतो आहे’ असते. जपानी अभ्यासकाला ज्या तीन थरांचा मेळ घालावा लागतो तसाच हा मेळ आहे; भेद इतकाच की जपानीच्या अभ्यासकाला ते थर नावानिशी शिकविलेले असतात आणि कोलाम विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलेच नसतात. पुढे अभ्यासक्रमात कोकणातील घरदार, माड आणि समुद्र घेऊन ‘श्यामची आई’ येते, तेव्हा वर्गातील वऱ्हाडी मुलालाही थोडे परके वाटावे. कोलाम मुलाचा परकेपणा मग त्यातच झाकून जातो.

झाकून जाणे हाच येथे कळीचा मुद्दा आहे. देवनागरी ही बव्हंशी उच्चारानुसारी लिपी. ती एकदा आली की न समजलेला परिच्छेदही खणखणीत वाचून दाखविता येतो. शिक्षक उभे करून वाचायला सांगतो, विद्यार्थी न अडखळता वाचतो, आणि वाचन आले असे दोघांनाही वाटते. जपानीत ही फसवणूक सहजी होत नाही. अपरिचित कांजीपाशी वाचक थांबतोच आणि त्याचे अज्ञान सर्वांना दिसते. दिसते म्हणूनच फुरिगाना आली, शिशुसाहित्याची पायरी आली, शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या वाचनमाला आल्या. देवनागरीची सुलभता हा मराठीचा गुण खराच, पण अन्यभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत तोच गुण अज्ञानावर पांघरूण घालतो.

वाचनमालांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. परभाषेचे विपुल आणि श्रेणीबद्ध वाचन या कल्पनेला आकार देणाऱ्यांतील दोन नावे आशियातील कामाशी जोडलेली आहेत. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून तोक्योला गेले. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील शाळांत काम केले व १९२६ मध्ये द्वैभाषिकतेवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. दोघांसमोर इंग्रजी शिकणारी मुले होती. वेस्ट यांचा आग्रह असा की, बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याआधी वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी ज्यात अनोळखी शब्द विरळ आहेत अशी पुस्तके हवीत. किती विरळ, याचे उत्तर पुढे हू आणि नेशन यांच्या २०००च्या अभ्यासाने दिले : आधाराशिवाय समाधानकारक आकलन व्हायचे तर सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अनोळखी शब्द चालतील. पंचवीस असतील तर ते वाचन राहत नाही, उकल होते. जपानीच्या अध्यापनात या विचाराला ‘तादोकु’, म्हणजे पुष्कळ वाचणे, असे नाव आहे. सकाई कुनिहिदे यांनी त्याचे तीन नियम सांगितले : शब्दकोश बाजूला ठेवावा, न समजलेले ओलांडून जावे, आणि रस वाटेनासा झाला तर पुस्तक बदलावे. तिसरा नियम विद्यापीठीय अभ्यासक्रमाला मानवणारा नाही, हे उघड आहे.

पहिल्या दोन नियमांवरही आक्षेप घेता येईल. ‘कुमो नो इतो’तील आदरार्थी क्रियापदे ओलांडून जाणाऱ्या वाचकाला कथानक कळेल, कथा कळणार नाही. विपुल वाचन आणि सूक्ष्म वाचन यांत निवड करण्याचे कारण नाही. दोन्हींसाठी पुस्तके मात्र वेगवेगळी हवीत. पदवीच्या पहिल्या वर्षी एकच कादंबरी नेमून तीतूनच भाषा, आकलन आणि समीक्षा ही तिन्ही साधण्याचा प्रयत्न होतो, तो अन्यभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत हमखास फसतो. त्यावर संक्षिप्त आवृत्तीचा तोडगा सुचविला जातो, पण तोही पटण्यासारखा नाही. संक्षेपात संहिता बदलते, आणि आपल्याला दुय्यम वस्तू दिली गेली हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येतेच.

फुरिगानेचा मार्ग तिसरा आहे आणि तो मराठीला अपरिचितही नाही. मराठी भाषक पदव्युत्तर विद्यार्थी ‘लीळाचरित्र’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ उघडतो तेव्हा तोही मूळ ग्रंथाच्या उंबरठ्यावरचा शिकाऊच असतो, आणि सार्थ आवृत्ती हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी किती घरांतून वाचली जाते! तेथे ओवी अबाधित राहते, अर्थ खाली उभा असतो. पांढरकवड्याच्या वर्गात नेमलेल्या कथेच्या समासात वीस-पंचवीस शब्दांचे अर्थ, शक्य तेथे कोलामी किंवा गोंडी प्रतिशब्दासह, लिहिलेले असतील तर हीच परंपरा चालविल्यासारखे होईल. त्यासाठी मंडळाची मंजुरी लागत नाही. ते प्रतिशब्द अध्यापकाला ठाऊक नसतील, तर ज्यांना ठाऊक आहेत ते विद्यार्थी समोरच्या बाकांवर बसलेले असतात. त्यांना विचारून समास भरण्यात एक तास जाईल, आणि त्या तासात वर्गातील एखादा कोलाम मुलगा प्रथमच शिकविणाऱ्याच्या बाजूला येईल.