आधी साल, मग रंग

सैनिकाची बाहुली रंगवायला घेतलीत की आधी तिचं साल ठरवा, मगच रंगाची बाटली उघडा. नवरात्राआधी माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी ज्या बाहुल्या येतात, त्यांतल्या बहुतेकींचा रंग बरा असतो. चुकलेलं असतं ते साल. उडालेला रंग पुन्हा देता येतो. चुकीच्या सालाचा गणवेश चढवलेला जवान मात्र कितीही सुबक रंगवला तरी खोटाच राहतो, आणि ज्यांच्या घरातलं कुणी सैन्यात होतं त्यांना ते पहिल्या नजरेत कळतं.

मी मूळची बेळगावची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून तिथे आहे, आणि माझे बाबा त्याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लग्न होऊन आले ती कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलला, एका तंजावर-मराठी घरात. हे गाव पितळी समयांचं. हंसाचं टोक असलेल्या इथल्या उंच समईला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवरात्रात इथे कोलू मांडतात: विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर देवादिकांच्या बाहुल्या, आणि शेजारी जमिनीवर एखादा देखावा. आपल्याकडे मुलं दिवाळीत किल्ला करून मावळे मांडतात, त्याच हौसेने इथे डोंगर, बाजार, रेल्वे उभी राहते. काही घरांत कारगिलही असतं, आणि ते सैनिक माझ्याकडे येतात.

असाच एक संच शेजारच्या मुलाने बाहेरगावच्या एका दुकानातून रंगवलेला आणला होता. खाली पाटी ‘कारगिल १९९९’, आणि अंगावर चौकटी-चौकटींचा डिजिटल नमुना. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी चष्मा पुसून एकेक बाहुली हातात घेतली आणि म्हणाले, “काम चांगलं आहे गं. पण हा जवान टायगर हिलवर नव्हता.” मुलाचा चेहरा उतरला. पैसे त्याने स्वतःचे साठवलेले होते.

बाबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. हा डिजिटल नमुना दिल्लीच्या निफ्ट संस्थेच्या मदतीने तयार झाला आणि १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाच्या संचलनात पहिल्यांदा लोकांसमोर आला. कारगिलनंतर बावीस वर्षांहून अधिक काळाने. कापड बदललं तसा पोशाखही बदलला: नव्या गणवेशात शर्ट पँटमध्ये खोचत नाहीत, पट्टा आत राहतो. म्हणजे ज्या बाहुलीचा शर्ट खोचलेला घडवला आहे, तिच्यावर हा नमुना मुळात चढतच नाही, मग तुमचा हात कितीही कसलेला असो. बाहुली विकत घेतानाच कमरेकडे बघा. मातीत किंवा प्लास्टिकमध्ये जे घडलेलं आहे, ते साल सांगून मोकळं झालेलं असतं.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच होते. सैनिक म्हटलं की चट्टेपट्टे हवेतच, अशी समजूत आहे. १९७१ च्या युद्धातला आपला पायदळाचा जवान साध्या हिरव्या गणवेशात लढला. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या उन्हाळ्यातला तिथला सैनिक खाकीत होता. घाडग्यांची बाहुली करायची असेल तर खाकीच्याच चार छटा नीट साधा: घामाने काळवंडलेली पाठ, उन्हाने विटलेले खांदे, धुळीने माखलेले गुडघे. ते काम चट्ट्यांपेक्षा अवघड आहे आणि मला विचाराल तर अधिक सुंदरही.

साल ठरलं की त्या सालचा फोटो शोधा. चित्र नको, सिनेमातला प्रसंग तर मुळीच नको. आणि एका फोटोवर थांबू नका. डोंगरावर लढणाऱ्या तुकडीत सगळ्यांचे कपडे एका धुण्याचे नसतात. कुणाचं जाकीट नवं, कुणाचं विटलेलं, कुणाच्या अंगात नुसता हिरवा स्वेटर. दहा बाहुल्यांना एकाच बाटलीतला रंग दिलात तर दुकानाच्या काचेमागचे पुतळे तयार होतील.

आता मापाचं. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पस्तिसाव्या हिश्शाच्या मॉडेलमध्ये पाच सेंटिमीटरचा होतो. खऱ्या शर्टावरचा दहा सेंटिमीटरचा चट्टा तिथे तीन मिलिमीटरही भरत नाही. कोलूतली साडेसतरा सेंटिमीटरची मातीची बाहुली दहाव्या हिश्शाची, म्हणून तिच्यावर तोच चट्टा एक सेंटिमीटरचा. हा हिशेब कागदावर करून ठेवा. नवखा माणूस चट्टे नेहमी मोठे काढतो, कारण कुंचला मोठा असतो. मग जवान गाईच्या कातड्यासारखा दिसू लागतो. डिजिटल नमुन्याची चौकट तर लहान मॉडेलवर हाताने निघणारच नाही. तिथे चौकटी काढायच्या फंदात पडू नका. चट्ट्यांच्या कडा तेवढ्या तुटक ठेवा, डोळा बाकीचं भरून काढतो. मोठ्या बाहुलीवर मात्र सपाट, अरुंद कुंचल्याच्या टोकाने चौकट टेकवता येते.

मापाबरोबर रंगही फिका व्हायला हवा. खरा जवान आपण काही पावलांवरून पाहतो, मधल्या हवेने त्याचे रंग निवळलेले असतात. बाहुली हातात घेऊन पाहतो. खऱ्या कापडाशी तंतोतंत जुळवलेला हिरवा बाहुलीवर काळपट दिसतो. तो उजळण्यासाठी पांढरा घालू नका, त्याने खडूची झाक येते. थोडा पिवळसर मातकट रंग मिसळा. काळ्या चट्ट्यासाठी शुद्ध काळा न वापरता गडद तपकिरी-राखाडी घ्या. आणि रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला ऑलिव्ह सकाळी भलताच निघतो.

चट्टे काढायचा क्रम सोपा आहे: आधी सगळीकडे सर्वांत फिका रंग, मग हिरवा, मग तपकिरी, शेवटी काळा, तोही अगदी मोजका. प्रत्येक रंगानंतर बाहुली हातभर लांब धरून डोळे किलकिले करून बघा. एखादा रंग एकटाच उठून दिसत असेल तर तो जास्त झालाय. सरावासाठी मी शिकाऊ मुलांना दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांचा डेनिसन स्मॉक देते. त्याचा नमुनाच रुंद कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा, त्यामुळे हात मोकळा होतो. जर्मनांचा १९३१ चा टोकदार तुकड्यांचा नमुना मात्र सुरुवातीला नको. त्याच्या सरळ कडा हाताचा कंप लपवत नाहीत.

आता ज्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, ती सांगते. नमुना कापडावर छापला जातो, शिवण नंतर पडते. म्हणून खऱ्या शर्टावर बाहीचा चट्टा खांद्याच्या शिवणीपाशी तुटतो आणि पलीकडे दुसराच काहीतरी सुरू होतो. खिशाची झाकणं, कॉलर, बटणांची पट्टी, सगळीकडे हेच. बाहुलीवर मात्र लोक चट्टा खांद्यावरून दंडावर, दंडावरून खिशावर असा अखंड ओढत नेतात, आणि कपडा कपडा न वाटता कातडीवर गोंदल्यासारखा दिसतो. आधी पेन्सिलीने शिवणी आखा. प्रत्येक तुकडा वेगळं कापड समजून रंगवा. ज्यांनी हे एकदा केलं, त्यांच्या बाहुल्या लांबूनही ओळखू येतात.

चट्टे झाले की सावल्या. मूळ फिक्या रंगाचं खूप पातळ पाणी सगळ्या गणवेशावरून एकदा फिरवा. सगळे रंग एका कापडाचे होतात. मग चुण्यांच्या खोलीत गडद पाणी, आणि चुण्यांच्या माथ्यावर प्रत्येक चट्ट्याचाच थोडा उजळ रंग. सगळ्या माथ्यांवर एकच फिका रंग ओढलात तर केलेला नमुना पुसला जाईल. पट्टे, पाऊच, बुटांवर कोरे एकरंगी भाग ठेवा, म्हणजे नजरेला टेकायला जागा मिळते. देखाव्यातला डोंगर करडा असेल तर गणवेश करडा करण्याचा मोह आवरा. द्रास-कारगिलचे कडे उघडेबोडके आहेत आणि जवान तिथे हिरव्या कपड्यांतही चढले. डोंगर अंगावर दाखवायचा असेल तर खडूची पूड करून बुटांवर, गुडघ्यांवर, कोपरांवर चोळा.

छातीवरच्या पदकांच्या फिती शोभेसाठी रंगवू नका. प्रत्येक फीत कुणीतरी कमावलेली असते. ज्या माणसाची बाहुली आहे त्याच्या छातीवर ज्या होत्या, तेवढ्याच.

आता हवा. कावेरीच्या खोऱ्यात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि नवरात्र नेमकं त्याच्या तोंडाशी येतं. लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात, ढगाळ दिवशी मॅट वार्निशचा फवारा मारतात, आणि सकाळी बाहुलीवर पांढरी साय धरलेली असते. दमट हवेत वार्निश वाळताना ओल त्यात अडकते. घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवसाची वाट पाहून तेच वार्निश पातळ हाताने पुन्हा द्या, बऱ्याचदा साय विरते. माझा नियम असा आहे की रंग श्रावणापर्यंत संपवायचा. नवी मोठी कामं मी मार्गळी या तमिळ महिन्याच्या सुमारास घेते. इथल्या देवळातल्या दगडी गरुडाची मिरवणूक निघते तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि हवा हाताशी येते. आणखी एक स्थानिक त्रास: समया घासण्या-कातण्याच्या शेडजवळ राहत असाल तर ओलं वार्निश झाकून ठेवा. पितळेची भुकटी त्यात बसली की गणवेश चमचमतो.

अस्तराशिवाय कशावरही रंग चढवू नका. कच्ची भाजलेली माती रंग पिते, कागदाच्या लगद्याची बाहुली पाणरंगाने फुगते; दोन्हींना आधी प्रायमर. कुणी ओतीव पितळेचा सैनिक आणला तर तेलकटपणा पूर्ण धुऊन धातूचाच प्रायमर द्या, नाहीतर रंग नखाने सुटतो. इनॅमलवर लॅकरचा फवारा मारू नका, खालचा रंग सुरकुततो. अॅक्रिलिकवर इनॅमल चालतं.

आणि कोलू उतरवल्यावर. वर्षभर पेटीत बंद राहण्याचा काळच बाहुल्यांना सर्वांत जास्त छळतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पुरता न सुकलेला रंग शाई उचलतो आणि जवानाच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात. जुन्या मऊ धोतराचे तुकडे घ्या. आधी कोरड्या कुंचल्याने समईच्या ज्योतीची काजळी झाडा, ओल्या फडक्याने पुसलीत तर ती रंगात शिरते. पेटीत डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत, कारण त्यांच्या वाफेने प्लास्टिकचं मॉडेल आणि रंग दोन्ही मऊ पडतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे. प्रत्येक बाहुलीच्या तळाला पेन्सिलीने साल, तुकडी आणि वापरलेल्या रंगांची नावं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी टवका उडाला तर तोच रंग सापडेल. शेजारच्या त्या मुलाच्या बाहुल्यांच्या तळाला आता ‘१९९९’ लिहिलं आहे. डिजिटल चौकटींवर अस्तर चढवून आम्ही दोघांनी त्या नव्याने रंगवल्या. ज्या दोघांचे शर्ट बाहेर होते, त्यांना तसंच ठेवून ‘२०२२’ लिहिलं आणि कारगिलमधून काढून वेगळ्या पायरीवर उभं केलं.