धनराज पिल्ले: पदकांच्या दुष्काळातला फॉरवर्ड

इचलकरंजी

चि. भाचीस,

हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा जन्म 16 जुलै 1968 रोजी पुण्यातल्या खडकीचा. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखत. बालपण तिथल्याच वसाहतीत गेले. नवी स्टिक परवडत नसे, म्हणून मोडकी स्टिक दोरीने आवळून भावंडे खेळत. खडबडीत मातीवर चेंडू कधी कुठे उसळेल याचा नेम नसतो, तो स्टिकला चिकटवूनच पळावे लागते. पुढे कृत्रिम टर्फवर भरधाव जातानाही पिल्ले यांचा चेंडू सुटत नसे, त्याचे मूळ या मातीत आहे. मातीवर सराव करणाऱ्या तुझ्यासारख्या कॉलेजच्या खेळाडूने म्हणूनच मैदानाची खंत करू नये. टर्फचा वेग मात्र वेगळा असतो. त्यासाठी कोल्हापूरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमची वाट धरण्याचा कंटाळा करून चालणार नाही.

पिल्ले कॉलेजच्या हॉकीतून वर आले नाहीत. मुंबईत आरसीएफ कंपनीच्या संघाकडून खेळणारे थोरले भाऊ रमेश यांनी त्यांना तिकडे नेले. मग महिंद्राचा संघ, नंतर इंडियन एअरलाइन्स. अशा संघांतल्या नोकरीमुळे खेळाडूची चूल पेटत असे. त्या भरवशावर आज पदवी अर्धवट सोडणे शहाणपणाचे नाही.

1989च्या दिल्लीतील आशिया चषकात ते भारताकडून उतरले. त्यानंतर 2004पर्यंत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी ते खेळले. फॉरवर्डला धाव, हिसका आणि टक्कर यांतून सुटका नसते. तिथे पंधरा वर्षे टिकायला शरीर रोज घासावे लागते. त्यांच्या कारकिर्दीत कॉलेजच्या मुलीने सर्वांत बारकाईने पाहावे ते हेच. गोल पुष्कळांनी केले आहेत.

1998मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले. 1966नंतर 32 वर्षांनी ते आले. अंतिम सामना कोरियाशी टायब्रेकरपर्यंत गेला आणि गोलरक्षक आशिष बलाल यांनी तो तारला. घरी परतल्यावर काय झाले? पिल्ले यांच्यासह अनेक खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. खेळाडूंच्या भत्त्यांबद्दल ते उघड बोलत. ते बोलणे त्यांना महाग पडले, पण खेळाडूंचा मान राखणारे होते. कॉलेजच्या कर्णधारानेही संघाच्या हक्काची गोष्ट मांडताना कचरू नये.

सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली पोलंडविरुद्धची आघाडी शेवटच्या दोन मिनिटांत गेली, सामना 1-1 सुटला आणि उपांत्य फेरी हुकली. तरीही बत्तीस वर्षांचा हा खेळाडू थांबला नाही. 2002मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तो स्पर्धेतील सर्वोत्तम ठरला आणि 2003मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला हरवून पहिला आशिया चषक मिळवला.

1980च्या मॉस्को सुवर्णानंतर 2021मध्ये टोकियोत कांस्य मिळेपर्यंत भारताच्या पुरुष हॉकीला ऑलिंपिक पदक नव्हते. पिल्ले यांची सारी कारकीर्द या दुष्काळात गेली. क्रिकेटने घरे व्यापलेल्या त्या काळात, केस उडवत गोलसमोरच्या ‘डी’कडे झेपावणाऱ्या या एका खेळाडूसाठी लोक हॉकी पाहत राहिले. त्यांचे खरे योगदान हे आहे. खेलरत्न आणि पद्मश्री त्यानंतर मोजावेत. निवृत्तीनंतर ते गुजरातमधील अकादमीत मुलांना शिकवण्याच्या कामाला लागले.

मामा