संगणकाचा मदतनीस कसा निवडावा?

विद्यार्थी मित्रहो, "मुलगा प्रोग्रॅमिंग शिकत आहे, त्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोणता मदतनीस घेऊन द्यावा?" असा प्रश्न आपले पालक आम्हांस अलीकडे वारंवार विचारतात. २०२१ साली 'गिटहब कोपायलट' प्रथम चाचणीसाठी खुला झाला. तेव्हापासून असे मदतनीस इतके निघाले आहेत की, निवडणाऱ्याने गोंधळून जावे यात नवल नाही. यास्तव या विषयाचा थोडक्यात विचार करू.

या मदतनीसांचे ढोबळ मानाने तीन प्रकार होत. पहिला, आपण लिहीत असताना ओळ पुरी करून देणारा. दुसरा, प्रश्नांस संभाषणरूपाने उत्तरे देणारा. आणि तिसरा, आपल्या फायली स्वतः वाचून त्यांत फेरफार करणारा व प्रोग्रॅम चालवूनही पाहणारा. तिघांचे मूळ एकच. पूर्वी लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुरावरून व कोडवरून पुढे काय येणे संभवते, हे ते ताडतात. त्यामुळे त्यांचे लिहिणे सफाईदार असते. परंतु सफाईदार ते सारे बरोबर, असे नव्हे. अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नावही ते कधी कधी बेधडक सांगतात.

एक उदाहरण घ्या. लीप वर्ष ओळखणारा प्रोग्रॅम कोणी "सनास ४ ने निःशेष भाग जातो काय?" एवढ्याच कसोटीवर लिहिला, तर २००० व २०२४ यांचे उत्तर बरोबर येईल. पण १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २१०० हेही नसेल; कारण शतकाच्या सनास ४०० ने भाग जावा लागतो. ज्यास हा नियम ठाऊक, तोच ही चूक पकडील.

अनुभवी माणसेही येथे फसतात. २०२५ साली अमेरिकेतील 'मीटर' या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांकडून २४६ कामे करवून घेतली. मदतनीस वापरण्याची मुभा असलेल्या कामांस १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि आपला वेळ २० टक्के वाचला, असे त्यांस मात्र वाटत होते! मदतनीस निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. केवळ वाटण्यावर निवड करू नये, एवढाच बोध घ्यावा.

मग निवड कशी करावी? ज्याचे उत्तर आपणांस पक्के ठाऊक आहे, असे काम प्रत्येकास देऊन पाहावे. तो कारण समजावून सांगतो काय आणि केलेला फेरफार आपल्या संमतीसाठी दाखवितो काय, हे पाहावे. आपले कोड कंपनी साठविते काय, वयाची अट काय आणि मासिक वर्गणी किती, हे पालकांनी वाचावे. शिकणाऱ्यास आरंभी संभाषण करणारा विनामूल्य मदतनीस पुरे. तिसरा प्रकार, दुसऱ्याचे कोड वाचता येऊ लागल्यावर.

मागे एका विद्यार्थ्याने आम्हांस उत्तम चालणारा प्रोग्रॅम दाखविला. "ही सातवी ओळ कशासाठी?" असे आम्ही विचारताच तो खाली पाहू लागला. आम्ही त्यास रागावलो नाही. ती ओळ त्याच्याकडून पाटीवर सोडवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने तोच प्रोग्रॅम स्वतः लिहून आणला. तो अधिक लांब होता, त्यात एक चूकही होती. परंतु ती चूक त्याची त्यालाच सापडली. मुलांनो, ज्याच्या सोबतीने तुम्हांस असे शिकता येईल, तोच मदतनीस निवडा.