इंग्रजी वाक्प्रचार समजून घेऊ : मळहाताची ओळख



वसतिगृहातील मोठ्या मुलांना मी शिकवतो त्यातला एक इंग्रजी वाक्प्रचार आज घेऊ : ‘टू नो समथिंग लाइक द बॅक ऑफ युअर हँड’. शब्दशः अर्थ असा की, एखादी गोष्ट आपल्या मळहातासारखी, म्हणजे तळहाताच्या उलट्या बाजूसारखी ठाऊक असणे.

भावार्थ : इतकी दाट ओळख की पुढे काय येणार हे न पाहताच सांगता यावे. हा वाक्प्रचार बहुधा गाव, रस्ते, परिसर यांविषयी वापरतात. ‘आय नो धिस फॉरेस्ट लाइक द बॅक ऑफ माय हँड’ याचे मराठी करताना हात मध्ये आणू नका. ‘मला या जंगलाची खडान्‌खडा माहिती आहे’ असे म्हणा.

पण मळहात तरी आपल्याला खरोखर ठाऊक असतो का? लंडनमधील मॅथ्यू लाँगो आणि पॅट्रिक हॅगर्ड या संशोधकांनी 2010 साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी डावा हात फळीखाली झाकून ठेवायचा आणि बोटांची टोके व पेरे कोठे आहेत ते वरून दाखवायचे. लोकांनी दाखवलेला हात खऱ्यापेक्षा बराच रुंद आणि बोटे आखूड निघाली! हाताची चित्रे समोर ठेवली तेव्हा मात्र त्यांना आपल्या हाताचा आकार बरोबर ओळखता आला.

यात आपल्या कामासाठी धडा आहे. एखाद्या पाड्यावर दहा-पंधरा वर्षे ये-जा झाली की आपण म्हणू लागतो, “भात कापून झाले की हे घर वीटभट्टीवर जाणार. मुलीची शाळा सुटणार. विचारायचे काय त्यात?” मग त्या घराचे नाव वसतिगृहाच्या यादीत येतच नाही. कदाचित यंदा आजी घरी राहणार असेल. कदाचित मुलीलाच शिकायचे असेल. न विचारता आपण तिचे वर्ष ठरवून टाकतो. जुनी ओळख आपल्याला दारापर्यंत नेते. आतले वर्तमान घरच्यांनाच विचारावे लागते.

अभ्यास :
1. हात न पाहता स्वतःचा मळहात कागदावर काढा. मग हात शेजारी ठेवून पाहा.
2. ओळखीच्या एका घराविषयी, यंदा ते काय करतील, अशा तीन गोष्टी लिहा. मग त्या घरी जाऊन विचारा.