जुनी व्हेस्पा, लॅम्ब्रेटा, चेतक : पहिला नट खोलण्याआधीचा हिशोब

मागच्या व्हिडिओत जुन्या स्कूटर रिस्टोअर करण्याच्या धंद्याचा विषय काढला होता, पण हिशोबाचा भाग वेळेअभावी राहिला. तो इथे नीट मांडतो. हा लेख ज्यांना गाडीची आवड आहे आणि आता त्यातून घर चालवायचं आहे, अशांसाठी आहे. आवड आणि धंदा यांच्या मधे एक कागद लागतो, त्याला एस्टिमेट म्हणतात. आजचा सगळा खेळ त्या कागदाचा.

आधी गाडी ओळखू या. क्लासिक इटालियन म्हटलं की डोळ्यांसमोर डुकाटी, मोटो गुझी येतात. पण तशा जुन्या गाड्या आपल्याकडे मोजक्या, त्यावर नवी मुंबईत गॅरेज चालणार नाही. आपल्या घराघरांत जी इटालियन गाडी आली ती स्कूटर होती. पियाजिओची व्हेस्पा १९४६ ची, मिलानच्या लॅम्ब्राते भागातल्या इनोचेंतीची लॅम्ब्रेटा १९४७ ची. लॅम्ब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआयने इथे आणली. पियाजिओशी १९६० मध्ये करार करून बजाजने व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण अंगाखांद्याने व्हेस्पाच. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून आलेली प्रिया त्याच घराण्यातली. आणि तुमच्या आत्याची लुना? तीही १९७२ ची, पियाजिओच्या चाओ या मोपेडवरून घेतलेली.

इतिहास सांगायचं कारण पार्ट्स. बजाजच्या गाड्या वर्षानुवर्षं लाखांनी बनल्या, त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेट, केबल, ऑइल सील आजही मिळतात. लॅम्ब्रेटाचं तसं नाही. इटलीत ती बंद पडल्यावर यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली, आणि तीही कंपनी बंद करायला सरकारने २०२१ मध्ये मंजुरी दिली. पार्ट्स मिळतात, पण शोधावे लागतात आणि दर पार्टवाला सांगेल तो. म्हणून माझं स्पष्ट मत : सुरुवात बजाजपासून करा. लॅम्ब्रेटा दिसायला कितीही देखणी असली तरी पहिली दहा कामं चेतक, सुपर, प्रियाची घ्या.

आता गिऱ्हाईक येतं. ठरलेलं वाक्य असतं, "अहो, बाबांची गाडी आहे, पैशाचं बघू नका." हे वाक्य ऐकलं की लगेच वही काढा. पैशाचं बघू नका म्हणणारा माणूस भावनेत असतो, आणि चार महिन्यांनी बिल हातात आल्यावर तो हिशोबात असतो. तुमचं एस्टिमेट त्या दुसऱ्या माणसासाठी लिहायचं आहे.

सगळ्यात आधी आरसी. गाडी बाबांच्या नावावर असेल आणि बाबा हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. हे काम गिऱ्हाईकाने सुरू केल्याशिवाय मोठा खर्च घेऊ नका. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलेलं आहे का बघा. इंजिनावरचा आणि बॉडीवर ठोकलेला नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवून आरसीशी ताडून बघा. 'एमएच' यायच्या आधीचे तीन अक्षरी नंबर कधी कधी ऑनलाइन दिसतच नाहीत, तेव्हा मूळ आरटीओत जुन्या नोंदीवरून माहिती कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते. गाडी ठाण्यात नोंदलेली आणि मालक आता नेरूळला, तर नवी मुंबईच्या आरटीओत जाऊन उपयोग नाही, आधी ठाणे. कागद नसलेली गाडी भंगारवाल्याकडून "पार्टसाठी" घेताना तर दहा वेळा विचार करा. चोरीची निघाली तर पोलीस तुमच्या गाळ्यावर येतात, भंगारवाल्याकडे नाही.

दुसरा मुद्दा कागदाचाच, आणि बरेच मेकॅनिक इथे गिऱ्हाईकाचं नुकसान करतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. नियमात नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे १९७२ ची चेतक २०२२ मध्ये या दारात उभी राहिली, आणि कुणीतरी तिला हौसेने दुसरं इंजिन आणि डिस्क ब्रेक लावून दार बंद करून टाकलं. मात्र व्हिंटेज नंबरची गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. ज्याला रोज वाशी स्टेशनला जायचं आहे त्याने साधं नूतनीकरण करावं. त्यामुळे पहिला प्रश्न "रंग कुठला?" हा नसून "गाडीचं करायचं काय आहे?" हा आहे. उत्तर एस्टिमेटच्या पहिल्या ओळीत लिहा, खाली सही घ्या.

आता गाडीकडे वळू. व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा यांच्यात धंद्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. लॅम्ब्रेटाला आत नळीची फ्रेम, वरून पत्र्याचे पॅनल. पॅनल सडलं तर काढून दुसरं. व्हेस्पाला वेगळी फ्रेमच नाही, पत्र्याची बॉडी हीच फ्रेम. म्हणून व्हेस्पा किंवा चेतकच्या पायाखालचा पत्रा सडला तर ते डेंटिंगचं काम राहत नाही, गाडीचा कणाच दुरुस्त करायचा असतो. आपल्याकडे खाडीची खारी हवा, वर चार महिने पाऊस, आणि त्यावर मालकाने प्रेमाने टाकलेलं रबरी मॅट. मॅटखाली पाणी धरून राहतं आणि पत्रा आतून जातो. वरून रंग चकचकीत.

म्हणून तपासणीची सुरुवात इंजिनापासून करू नका. मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जा. आवाज बद्द झाला की थांबा. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा, जिथे पकड सुटते तिथे खाली जाड पुट्टी आहे. हा मुद्दा आपल्या नावाचाही आहे बरं का. युरोपातले व्हेस्पावाले व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि भारतातून आलेल्या चकचकीत गाड्यांकडे संशयाने बघतात, कारण रंगाखाली पुट्टी आणि वाकडं वेल्डिंग निघाल्याचे अनुभव त्यांनी घेतले आहेत. तुम्हाला कधी बाहेरचं गिऱ्हाईक हवं असेल तर रंगाआधीचे उघड्या पत्र्याचे फोटो हेच तुमचं सर्टिफिकेट.

इंजिन थंड असताना किक मारून बघा. मालकाने आधीच गरम करून आणलेली गाडी असेल तर संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. टू-स्ट्रोक थोडा निळसर धूर देणारच. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक ऑइल सील गेलं समजा, गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन पिऊन टाकतंय. उलट एक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम खाली येत नसेल, तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून हवा घेत असेल. सील स्वस्त असतं, पण क्लचकडचं बदलायला पूर्ण इंजिन फोडावं लागतं. गिऱ्हाईकाला सीलचा दर दिसतो, तुम्हाला तास दिसले पाहिजेत.

आणि तासांवर आलोच आहोत तर वही घ्या. आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही घाला. गाळ्याचं भाडं ३०,०००, मेकॅनिक २५,०००, हेल्पर १५,०००, वीज-चहा-किरकोळ १०,०००. झाले महिन्याचे ८०,०००. दोन माणसं, २६ दिवस, ८ तास, म्हणजे ४१६ तास. पण पार्ट आणायला जाणं, फोन, गिऱ्हाईकाशी गप्पा यात बराच वेळ जातो. बिलात लागणारे तास ६० टक्के धरा, साधारण २५०. तासाचा खर्च ३२० रुपये. यात तुमचा पगार नाही! तो ४०,००० धरला की तासाला ४८०.

आता एका चेतकच्या पूर्ण कामाचे तास बघा. खोलणं आणि पार्टला चिठ्ठ्या लावणं १२, इंजिन ३०, पत्रा आणि रंगाची तयारी ३५, वायरिंग-केबल १५, जोडणी आणि ट्रायल १८. एकूण ११० तास. गुणिले ४८०, म्हणजे ५२,८००, तेही पार्ट आणि रंग सोडून, आणि नफा शून्य धरून. शेजारचा गॅरेजवाला "लेबर पंचवीस हजार" सांगतो म्हणून तुम्हीही तेच सांगितलंत, तर प्रत्येक गाडीमागे २७,८०० रुपये तुम्ही गिऱ्हाईकाला भेट देताय. शेजाऱ्याचा गाळा वडिलोपार्जित असेल, घरचाच मुलगा हेल्पर असेल, तुम्हाला काय माहीत? त्याचा दर त्याच्या खर्चावर चालतो.

यावर उपाय फक्त दर वाढवण्याचा नाही, काम तुकड्यांत विकण्याचा आहे. तपासणीची वेगळी फी घ्या, समजा १,५००, आणि त्याबदल्यात फोटोसकट लेखी रिपोर्ट द्या. गिऱ्हाईक पुढे काम देवो न देवो, तो रिपोर्ट त्याचा. मग इंजिनाचं एस्टिमेट. बॉडीचं एस्टिमेट मात्र जुना रंग पूर्ण उतरवल्यावरच. "साधारण किती होईल?" असं कितीही वेळा विचारलं तरी रंगाखालच्या पत्र्याचा आकडा तोंडी देऊ नका. तोंडी दिलेला आकडा गिऱ्हाईक कधीच विसरत नाही. प्रत्येक टप्प्याला ॲडव्हान्स, आणि टप्पा संपला की फोटो व्हॉट्सॲपवर.

जागेचंही तसंच. उभी स्कूटर कमी जागा घेते, खोललेली तिप्पट घेते. गाळ्यात पाच खोललेल्या गाड्या मावत असतील आणि त्यातल्या दोन गिऱ्हाईकाचा रंग ठरत नाही म्हणून अडून बसल्या, तर भाडं तेवढंच आणि काम तीन गाड्यांचं. निर्णय कळवायला सात दिवस, नंतर रोजचं ठेवणावळ, हे जॉब कार्डवर छापूनच घ्या. वाद घालावा लागत नाही.

मोठ्या कामांच्या मधल्या काळात घर चालतं ते सर्व्हिसिंगवर. मे महिन्यात पावसाळ्याआधीचं आणि दसऱ्याच्या आधीचं, अशी दोन ठरावीक कामं विका. व्हेस्पा घराण्याला गिअर ऑइल २५० मिली, एसएई ३०. लॅम्ब्रेटाला ७०० मिली, एसएई ९०. एकाचं दुसऱ्यात ओतणारे मेकॅनिक अजून आहेत. पॉइंटवाल्या गाड्यांचा गॅप ०.३ ते ०.५ मिमीच्या आत, प्लगचा ०.६. सायलेन्सरमधला कार्बन साफ, केबलला ऑइल. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला चालत नाही. पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचे रबर बदलून द्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायला सांगा.

चालवायलाही शिकवावं लागतं, हसू नका. आजच्या पंचविशीतल्या मुलाने ॲक्टिव्हाशिवाय काही चालवलेलं नसतं. डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवायचा, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, इंजिन उजवीकडे असल्याने गाडीचा तोल थोडा तिकडे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑइल. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, चेतकला लिटरमागे २० मिली टू-टी. जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट उतरताना एक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिन ब्रेकवर गाडी सोडली, तर पेट्रोल नाही म्हणून ऑइलही नाही, आणि पिस्टन जाम. मधून मधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. हे गिऱ्हाईकाला सांगितलं नाही तर महिन्याभरात गाडी टेम्पोत परत येते आणि दोष तुमच्या बोअरिंगला लागतो. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी अर्धा तास पाम बीच रोडच्या आतल्या शांत गल्लीत त्याला बसवून फिरवा, हा अर्धा तास एस्टिमेटमध्ये आधीच धरा.

निघताना काढलेले सगळे जुने पार्ट गोणीत भरून त्याच्या हवाली करा, जॉब कार्डवर "जुने पार्ट मिळाले" अशी सही घ्या. इन्स्पेक्शन शीट आणि तासांचा तक्ता मी व्हिडिओखाली ठेवतोय. त्यात माझे आकडे पुसून तुमचं भाडं आणि तुमचे पगार टाका, मग सांगा तासाचा दर किती निघतो.