कापण्याआधी कान

ध्वनिमुद्रित आवाज कापून, ताणून, उलटे फिरवून त्यांचीच रचना बांधायची, हे माझं काम. इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हणतात त्याला. करता करता जे उमगलं, ते असं.

१. आधी ऐका, मग माउसला हात लावा. पितळी घंगाळावर टिचकी मारली की पहिल्यांदा कडक ‘टण्’ येतो, मग आस पसरते. ती विरता विरता दोन अगदी जवळचे स्वर एकमेकांत मिसळतात आणि नाद हेलकावे खाऊ लागतो. माझी एक अख्खी रचना या हेलकाव्यांच्या लयीवर उभी आहे. ती लय मी घातलेली नाही, घंगाळातच होती.

२. आवाजाची ओळख बरीचशी त्याच्या सुरुवातीला असते. फ्रेंच संगीतकार पिअर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत घंटेच्या मुद्रणातून ठोकाच वगळला, तर उरलेला नाद ओबो या फुंकवाद्यासारखा लागला! ओळख पुसायची असेल तर ठोका कापा. राखायची असेल, तर बाकी काहीही करा, ठोक्याला हात लावू नका.

३. आवाज खूप मंद करायचा असेल तर मुद्रण ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर घ्या; मुद्रणात त्या रेटच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर टिकतात. टेपसारखा वेग निम्मा केला की लांबी दुप्पट होते आणि स्वर एक सप्तक खाली येतो. ४८ वर घेतलेला आवाज दोन सप्तकं उतरवला, तर ६ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. गोधडीखालून कुणी बोलल्यासारखं वाटतं. ९६ वर घेतला तर १२ पर्यंत जागा मिळते. अर्थात माइकही तितका वर ऐकणारा हवा.

४. रिव्हर्ब, म्हणजे घुमण्याचा इफेक्ट, सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच टाकला की सगळंच सुंदर वाटतं आणि कच्चे सांधे कानाला कळत नाहीत.

५. आवाज कशाचा आहे हे विसरून ऐकावं, असा शेफर यांचा आग्रह. त्यांचे एके काळचे सहकारी पिअर आन्री यांनी मात्र १९६३ मध्ये दाराची करकर आणि उसासा घेऊन मोठी रचना केली. त्यात दार दारच राहतं आणि तरीही गातं. मी आन्रींच्या बाजूचा. आवाजाचं मूळ घर पुसलं की त्याच्यातला जिव्हाळा जातो.

नव्याने शिकणाऱ्यांनी महागडं सॉफ्टवेअर घेऊ नये. घरातला एकच आवाज फोनवर टिपा आणि कुठलाही इफेक्ट न लावता, हेडफोन घालून, आठवडाभर रोज ऐका.