छात्राध्यापकाची खरी कसोटी

शिक्षणशास्त्राची पदवी विद्यापीठ देते. परंतु अध्यापनाचा कस वर्गातच लागतो. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर, २०१४ च्या नियमांन्वये बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व त्यात २० आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरला. तथापि नीटनेटकी पाठटाचणे व परीक्षकांपुढील एखादा पाठ एवढ्यावरच गुण दिल्यास, कुरवंड्यासारख्या घाटमाथ्यावरील गावी मुसळधार पावसात निम्मीच मुले आली असता छात्राध्यापक काय करील, हे कळत नाही.

म्हणून मार्गदर्शक शिक्षकांनी रोज नोंद ठेवावी : मागे पडलेल्या मुलाकडे त्याचे लक्ष गेले काय? मुलांची चूक ओळखून त्याने पाठ बदलला काय? गैरहजर मुलांचा पाठ पुन्हा घेतला काय? ही नोंद गुणदानात धरली जावी; अन्यथा अपुऱ्या तयारीची किंमत मुलांनाच मोजावी लागेल.